मेंटलायझेशन-आधारित उपचार

आपल्या आणि दुसऱ्याच्या वागण्यामागे कोणते विचार, भावना, हेतू असतील याचा अदमास घेण्याची क्षमता वाढवणारी मानसोपचारपद्धती. संक्षेपाने एमबीटी. बुडापेस्टमध्ये जन्मलेले मनोविश्लेषक पीटर फोनगी आणि मनोविकारतज्ज्ञ अँथनी बेटमन यांनी ती १९९०च्या दशकात लंडनमध्ये घडवली, मुख्यतः बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकाराच्या रुग्णांसाठी. भावनांचा टोकाचा चढउतार, वारंवार तुटणारी नाती, स्वतःला इजा करून घेणे ही या विकाराची ठळक लक्षणे.

मूल व पालक यांच्यातील बंधाविषयीचा जॉन बोल्बी यांचा सिद्धांत हा पद्धतीचा पाया. बाळ पडून रडू लागले की आई ‘अगं बाई, लागलं का माझ्या सोन्याला?’ म्हणते. तिच्या चेहऱ्यावर बाळाचेच दुःख उमटते, पण जरा नाटकी, लाडिक होऊन. ती स्वतः रडत बसत नाही. त्या चेहऱ्यात बाळाला आपली भावना ओळखू येऊ लागते, असे फोनगी मांडतात. हा आरसा धूसर राहिला, तर पुढे ताणाच्या क्षणी मन जाणण्याची क्षमता ढासळू शकते.

समजा, मैत्रिणीने संदेश वाचला, निळ्या टिका दिसल्या, उत्तर मात्र नाही. ‘तिला मी नकोशी झाले’ ही मग शंका राहत नाही, घडलेली गोष्टच ठरते. उपचारक तिथेच कथन थांबवतो, टिका दिसल्या त्या क्षणापाशी मागे नेतो आणि विचारतो : तेव्हा तुम्हाला काय वाटलं? ती कशात अडकली असेल? अर्थ तो स्वतः लावून देत नाही. मनोविश्लेषणाच्या घरात वाढलेल्या पद्धतीसाठी हे विशेषच. मराठीत मनकवडा हे कौतुकाचे विशेषण आहे. इथे मात्र दुसऱ्याचे मन पुरते कळल्याची खात्री हाच दोष, मग तो रुग्णाचा असो वा उपचारकाचा.

वैयक्तिक व गटबैठका मिळून उपचार साधारण १८ महिने चालतात. बेटमन-फोनगी यांची पहिली चाचणी १९९९मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातील ४१ रुग्णांची उपचार संपल्यावर ५ वर्षांनी पाहणी झाली, तेव्हा एमबीटी घेतलेल्या १३ टक्के, तर नेहमीचे उपचार घेतलेल्या ८७ टक्के रुग्णांत विकाराचे निकष आढळले. आकडे बोलके आहेत. पण रुग्ण थोडे, आणि तपासणारे पद्धतीचे जनकच. शिवाय विकार ओसरलेल्यांचेही सामाजिक जीवन पूर्ण सावरले नव्हते, अशी नोंद त्यांनीच केली आहे.