तारेवरचं फडकं

इतिहास मोठा गमतीचा. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी सुटली, त्याच साली अमेरिकेत व्हरमाँटच्या डेव्हिड स्मिथने कपडे वाळत घालायच्या स्प्रिंगवाल्या चिमट्याचं पेटंट घेतलं. चिमट्यालासुद्धा जन्मसाल आहे! तार पुसायच्या फडक्याला मात्र नाही.

आगगाडीपाठोपाठ १८५६ साली मुंबईत पहिली कापडगिरणी सुरू झाली. धूर वाढला आणि पांढऱ्या सदऱ्यांवर पाठीमागे आडवी काळी रेघ उमटू लागली. त्यावर तोडगा कुणी काढला? नाव नाही, गाव नाही. जुन्या पंचाचा तुकडा ओला करायचा, तारेभोवती मुठीत धरायचा आणि गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायचं. झालं यंत्र! आमची आजी दोन खेपा करायची, एक ओल्या फडक्याने, एक सुक्या. तारेवरचा जस्ताचा मुलामा उडाला की गंज चढतो आणि गंजाचा डाग साबणाला दाद देत नाही, हे तिला कुठल्या प्रोफेसराने शिकवलं नव्हतं. आजोबांच्या शुभ्र सदऱ्याची कचेरीत तारीफ व्हायची; श्रेय साबणाला जायचं.

गिरण्या गेल्या, तार नायलॉनची झाली. परवा सहज पुसून पाहिली. फडकं काळंकुट्ट!