सोफ्याचे मूळ आणि कूळ



नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये असे म्हणतात. सोफ्याचे शोधू नये असे मात्र कोणी म्हटलेले नाही. आपल्या नेकनुरात माळवदाची घरे उतरून स्लॅबची होत आहेत, आणि भिंतीला रंग लागायच्या आत सोफ्याची बोलणी सुरू होतात. आमच्याही घरी झाली. पुण्याला नोकरीस असलेल्या आमच्या मुलाने फोनवर चित्रे धाडली आणि कळविले की हल्ली इटलीचा जुना सोफा घेण्याची चाल आहे. शंभर वर्षांवरचा असेल तर त्याला अँटिक म्हणतात, त्याहून अलीकडचा असेल तर व्हिंटेज. घरचे म्हणाले, पैसा कापसाचा आहे, विचार करून घ्या. आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, एवढेच म्हणाल्या, "मला उठता-बसता यील असं काही तरी बघा बाई." त्यांचे गुडघे धरले आहेत. खाली बसल्या की दोघींनी हात देऊन उठवावे लागते. तेव्हा आमच्या घरी हा प्रश्न नुसत्या शोभेचा नव्हता.

मी सातवीपर्यंत शिकलेली. पण वाचनाची आवड आहे. वस्तू घ्यायची तर तिची हकीकत ठाऊक असावी, म्हणून जे वाचले आणि पाहिले ते आपणापुढे ठेवते.

पहिली नवलाची गोष्ट ही की, सोफा हा शब्द मुळी साहेबाचा नव्हेच. तो अरबी 'सुफ्फा' या शब्दावरून आला. सुफ्फा म्हणजे बसण्याचा ओटा. मदिनेच्या मशिदीत छपराखाली असा सुफ्फा होता आणि घरदार नसलेले लोक तेथे आसरा घेत, हे आपल्या मुसलमान शेजारणींना ठाऊकच असेल. पुढे गालिचे, उशा घातलेल्या ओट्याला तो शब्द लागला, तुर्कांच्या बोलीत गेला, आणि तेथून इटली, फ्रान्स, इंग्लंड असा फिरत राहिला. म्हणजे आपल्या वाड्याच्या ढाळजेतला ओटा, त्यावर जाजम, जाजमावर तक्क्या, हा सोफ्याचा सख्खा भाऊबंद. आपण ओटा पाडतो आणि त्याच जागी सोफा आणून ठेवतो, याची मला मौज वाटते.

मात्र त्या ओट्यावर बसायचे कोणी? आत्याबाई सांगतात, त्या सून म्हणून आल्या तेव्हा बायकांनी ढाळजेत पाय ठेवायचा नाही, अशी रीत होती. येणे-जाणे मागच्या दाराने. पाट मांडायचा तो जेवणाऱ्या पुरुषांसाठी, आपल्याला भुई. थोरामोठ्यांच्या घरीही बैठक जमिनीचीच असे, पण मानाप्रमाणे. पुण्याच्या दरबारात १७९० साली इंग्रजांचा वकील मॅलेट याने पेशव्यांशी तह केला, त्या प्रसंगाचे थॉमस डॅनियलने १८०५ साली पुरे केलेले मोठे चित्र आहे. त्यात दरबाराची बैठक गालिच्यावरच दाखविली आहे. पुढे इंग्रजांचे राज्य झाले आणि खुर्ची वर चढली. मानाची जागा म्हटली की आता आपण खुर्चीच समजतो.

आता इटलीकडे वळू. तेथील सोफ्याचे कूळ तर आपल्या बायकांच्या अगदी जिव्हाळ्याचे निघाले. सुमारे साडेपाचशे वर्षांपूर्वी फ्लॉरेन्स शहरात लेकीच्या लग्नात एक मोठी लाकडी पेटी करीत. तिला 'कास्सोने' म्हणत. तीत तिचे कपडे, चादरी, दागदागिने. पेटीवर चित्रे काढीत, सोनेरी मुलामा देत आणि नवरीबरोबर ती वाजतगाजत सासरी नेत. आपल्याकडे रुखवतात संदूक किंवा कपाट देतात, अगदी तसेच! दिवसा त्या पेटीवरच माणसे बसत. मग कोणा सुताराच्या मनात आले की या पेटीला पाठ आणि दोन्ही बाजूंना हात का लावू नयेत? असे जे झाले त्याला 'कास्सापांका' म्हणतात. कास्सा म्हणजे पेटी आणि पांका म्हणजे बाक. हे पेटीबाक बहुधा अक्रोडाच्या लाकडाचे असत, वर उशा टाकीत. जाणकार लोक यालाच सोफ्याचा पूर्वज मानतात. इटलीची सुतारकी कितीही नावाजली, तरी तिचा सोफा निघाला तो नवरीच्या पेटीतून!

पुढे व्हेनिसच्या कारागिरांनी फार नाजूक सामान केले. त्यांची एक युक्ती सांगण्यासारखी आहे. चीन-जपानकडील लाखकामाची लोकांना हौस, पण ते महाग. तेव्हा अठराव्या शतकात त्यांनी छापील चित्रे कातरून लाकडावर चिकटविली, रंगविली आणि वर रोगणाचे हात दिले. त्याला 'गरिबांचे लाखकाम' असे नाव पडले. आज त्याच गरिबांच्या सामानाला श्रीमंत लोक मोठी किंमत मोजतात.

हे विलायती सामान आपल्या मराठी माणसांत आले ते राजवाड्यांच्या वाटेने. ग्वाल्हेरचा जयविलास राजवाडा जयाजीराव शिंद्यांनी १८७४ साली बांधविला. तो आखणारे मायकेल फिलोज हे मूळच्या इटलीतील नेपल्सच्या घराण्यातले. त्यांचे पूर्वज महादजी शिंद्यांच्या फौजेत चाकरीस होते. आपला बीड जिल्हा तर १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली आणि १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता, म्हणून आपल्या वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांपुढे थाट म्हटला की हैदराबादचाच.

आम्हीही मागल्या वर्षी हैदराबादला जाऊन आलो. सालारजंग संग्रहालय १९५१ साली पंडित नेहरूंच्या हस्ते उघडले आणि १९६८ साली आजच्या इमारतीत आले. तेथे युरोपातले लाकडी सामान पाहायला मिळते. पण बायकांची गर्दी होते ती इटलीच्या बेन्झोनीने केलेल्या संगमरवरी रेबेकेपुढे. तोंडावर झिरझिरीत पदर आणि पदराआडून दिसणारा चेहरा, सारे दगडाचे! पहिल्या सालारजंगांनी ती १८७६ साली रोमला घेतली. धाकट्या जाऊबाई म्हणाल्या, "ही आपल्यासारखीच, पदर घेऊन उभी. हिला कोणी बस म्हणेना." सोफे बघताना मला तेच आठवत राहिले.

दुसऱ्या दिवशी जुन्या सामानाचे एक दुकान पाहिले. तेथे दोनशे वर्षांचा इटालियन सोफा म्हणून एक नग दाखविला. वर मखमल, पायांना वेलबुट्टी. मी दुकानदाराला म्हटले, "भाऊ, जरा उलटा करून दाखवा." त्याला ते आवडले नाही, पण केला. खालून प्लायवूडची फळी निघाली! कापड आणि पिना नव्या असणे हा दोष नव्हे, कारण जुन्या सोफ्यालाही मधून मधून नवे कापड चढवावेच लागते. पण सांगाडा खोटे बोलत नाही. खरा जुना असेल तर आतले लाकूड अखंड असते, न दिसणाऱ्या बाजूला हाताच्या रंध्याचे उंचसखल लागते, सांधे एकमेकांत बसविलेले असतात, आणि चुका ठोकल्याची जुनी भोके चौकटीत राहिलेली असतात. आतल्या गुंडाळ्या स्प्रिंगा तर एकोणिसाव्या शतकात आल्या; त्याआधी गादीत घोड्याचे केस भरीत आणि खाली पट्ट्या ताणीत. म्हणून दोनशे वर्षांच्या सोफ्यात स्प्रिंग दिसली तर ती मागाहून घातली, असे समजावे. पायाशी पिठासारखा भुगा पडला असेल तर कीड जिवंत आहे. असला नग घरात आणू नये, तो दारे-खिडक्याही खाईल.

अलीकडच्या इटालियन सोफ्यांची गोष्ट निराळी. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे रबराच्या फोमाचा उपयोग बैठकीत होऊ लागला. मार्को झानुसोने १९५१ साली त्याची 'लेडी' नावाची खुर्ची केली. मारियो बेलिनीचा १९७० चा 'कामालेओंदा' तर गुबगुबीत चौकोन जोडून हवा तसा मांडता येतो. मला आवडला तो विको माजिस्त्रेत्तीचा १९७३ चा 'मारालुंगा'. त्याची पाठ वरखाली दुमडते, आणि आत युक्ती काय, तर सायकलची साखळी! थोर डोक्याच्या माणसालाही शेवटी घरातलीच वस्तू कामी येते.

परंतु हे सोफे घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. एक, फोमाला वय असते. पन्नास वर्षांनी तो ठिसूळ होऊन त्याचा चुरा होतो. बोट रोवून पाहावे, दाबलेला खळगा लगेच भरून आला पाहिजे. दुसरी, त्या काळचे पुष्कळ सोफे बुटके आणि खोल असतात. तरुण पोरांना त्यात लोळायला बरे. गुडघे दुखणाऱ्या म्हातारीला त्यात बसविले तर भुईवर बसविल्याहून वाईट, कारण भुईवर निदान हात टेकता येतो. बैठक दीड फुटाच्या आसपास उंच हवी आणि हात घट्ट हवेत. शिवाय आपल्याकडचा वैशाख! पातळ पत्रीचे चिकटकाम असल्या उन्हाळ्यात सुटते. आणि व्हेनिसच्या नाजूक पायांना रोज ओले फडके लावून चालायचे नाही.

हे सगळे मुलाला फोनवर सांगितले. तो म्हणाला, "आई, मग घ्यायचं काय?" तेव्हा मी त्याला आत्याबाईंच्या माहेरच्या संदुकीची आठवण दिली. सागवानी, कडीकोयंड्याची, गोधड्या ठेवायची. उतरलेल्या माळवदाच्या तुळया आणि दाराच्या चौकटीही परसात पडून होत्या. जुने लाकूड घेणारा एक व्यापारी त्या वजनावर मागत होता. त्याला नाही म्हटले.

आमच्या गल्लीतल्या सुतारमामांना मी कास्सापांकाचे चित्र दाखविले. त्यांनी ते उलटसुलट पाहिले आणि म्हणाले, "ही तर पेटीच हाय की वहिनी, पाठ लावलेली." आत्याबाईंना संदुकीवर बसवून पावलांपासून गुडघ्यापर्यंत माप घेतले, संदूक तीन बोटे कमी पडली, म्हणून खाली चौकट धरली. हातांना तुळईचे लाकूड कापले. वर कापसाची गादी आमच्या घरचीच. आता दुपारी आत्याबाई, मी आणि शेजारच्या दोघीजणी तिच्यावर ओळीने बसतो, आणि आत्याबाई हाताला धरून आपल्या आपण उठतात.

पाठीवर अजून काही कोरलेले नाही. सुतारमामा म्हणतात मोर काढू, आत्याबाई म्हणतात त्यात धूळ बसेल.