जाड म्हणजे पक्के?

'भिंत जाड आहे, म्हणजे घर पक्के आहे,' हे किल्लारीच्या माणसाला सांगू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या भूकंपात इथल्या जाड भिंती कोसळल्या. चिखलात रचलेले दगड आणि वर मातीचे जड माळवद पिढ्यान्‌पिढ्या उभे होते. हादरा मात्र त्यांना सोसला नाही.

हाच समज साखर कारखान्यांतही भेटतो. वाफेच्या पाइपात तापमापकाला कवच म्हणून खुपसलेल्या धातूच्या नळीला थर्मोवेल म्हणतात. 'तो जाड घ्या, दाब सोसतो हे पाहा. कंपनाचे गणित कशाला? आजवर तुटला का?' असे जाणकारही म्हणतात. जाडीने ताठपणा वाढतो, हे त्यांचे म्हणणे खरे आहे. निष्कर्ष खरा नाही.

पहिला मुद्दा दाबाचा. वाहती वाफ थर्मोवेलमागे आलटून पालटून दोन्ही कडांनी भोवरे सोडते. वेग सेकंदाला २० मीटर आणि टोकाचा व्यास २० मिलिमीटर असेल, तर थर्मोवेलला सेकंदाला सुमारे २२० हेलकावे बसतात. त्याची स्वतःची कंपनसंख्या याच्या जवळपास असली, की हेलकावे फुगत जातात. यात दाबाच्या चाचणीचा काय उपयोग?

दुसरा मुद्दा जाडीचा. सरळ भरीव दांड्याची जाडी दुप्पट केली, तर कंपनसंख्या दुप्पट होते. लांबी निम्मी केली, तर चौपट. मग आधी जाडी का पाहायची? पण फार आखूड केला, तर तापमान चुकीचे दिसते. म्हणूनच गणित हवे.

तिसरा मुद्दा अनुभवाचा. 'आजवर तुटला नाही' याचा अर्थ आजवरचा वेग धोक्याच्या टप्प्यात नव्हता, एवढाच असू शकतो. उद्या गाळप वाढले, वाफ वाढली, तर? वरच्या गतीने एक कोटी हेलकावे तेरा तासांच्या आत पुरे होतात. धातू थकायला हंगाम लागत नाही.

साक्ष जपानच्या मोंजू अणुभट्टीची घ्या. ८ डिसेंबर १९९५ रोजी तिथल्या सोडियमच्या पाइपातला पायरीदार थर्मोवेल पायरीशीच तुटला. सोडियम गळून पेटला. भट्टी पुन्हा सुरू झाली ती २०१० साली. त्या पाइपात दाब फारसा नव्हताच. थर्मोवेल हलला तोही प्रवाहाच्या दिशेने. तेव्हाचे प्रचलित गणित फक्त आडव्या हलण्याचे होते.

भिंतीचे शास्त्र वेगळे, नळीचे वेगळे. चूक एकच: उभे राहणे आणि हलणे सोसणे, या दोन परीक्षा आहेत. पहिलीच्या गुणांवर दुसरी पास करायची का, हे वाचकांनी ठरवावे.