ग्रहलाघव ते खोडद : मंगळविचाराचे एक स्थित्यंतर

शके १४४२ (इ. स. १५२०) हा आरंभकाल धरून रचलेला गणेश दैवज्ञांचा ‘ग्रहलाघव’ हा करणग्रंथ महाराष्ट्रातील पंचांगकर्त्यांना शतकानुशतके आधारभूत होता. ज्याचापांचे क्लिष्ट गणित टाळून ग्रहांची स्थाने काढून देणे, हे त्याचे प्रयोजन. मंगळास ‘भौम’ म्हणणाऱ्या या परंपरेत त्याच्या स्वतःच्या भूमीचा प्रश्न मात्र उद्भवत नाही. पंचांगास त्याची गरजही नव्हती. पुढे १८७७ मध्ये शियापरेल्ली या इटालियन ज्योतिर्विदाने मंगळावर रेषा रेखाटल्या आणि अनेकांनी त्यांना कालवे मानले.

जुन्नर तालुक्यात नारायणगावाजवळ खोडद येथे प्रा. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभारलेल्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० ॲंटेनांच्या रेडिओ दुर्बिणीचे मूळ लक्ष्य ग्रह नव्हे, तर अतिदूरचा हायड्रोजन व स्पंदतारे. तरीही १९ ऑक्टोबर २०१६ रोजी ‘शियापरेल्ली’ याच नावाचे युरोपीय यान मंगळाच्या वातावरणात शिरले, तेव्हा त्याचा क्षीण संदेश येथे टिपला गेला. वारंवारतेतील बदलावरून यानाचा वेग मंदावल्याचे व हवाई छत्री उघडल्याचे समजले. गणित पुन्हा गतीचेच. पण ‘ग्रहलाघवा’त गती ग्रहाची, येथे ग्रहावर उतरणाऱ्या वस्तूची. अवतरणाच्या अपेक्षित क्षणापूर्वीच संदेश थांबला. यानावरील गणकाने उंची ऋण काढली होती, म्हणजे यान जमिनीखाली असल्याचा निष्कर्ष! दुसऱ्या दिवशीच्या छायाचित्रात मंगळाच्या पृष्ठभागावर आघाताचा काळा डाग दिसला.