वैतरणेचं दुसरं टोक : वसईच्या लढ्याची नोंद



वैतरणा आपल्या त्र्यंबकच्या डोंगरातली. अप्पर वैतरणा धरण आपल्या तालुक्यात. पण ही नदी अर्नाळ्याजवळ समुद्राला मिळते आणि तिच्या दक्षिणेला वसई आहे, तिकडं आपलं लक्ष जात नाही. तिथल्या शेतकऱ्यांनी भरावाविरुद्ध केलेली लढाई आज लिहितोय. कारण समृद्धीचा इगतपुरी-आमणे टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला, आणि आमच्या शिवारातही ओढ्याकाठच्या खाचरांत मुरमाचे डंपर रिकामे होताना दिसतायत.

वसईची ठेवण बघा. पूर्वेला तुंगारेश्वर, पश्चिमेला समुद्र, उत्तरेला वैतरणा, दक्षिणेला खाडी. डोंगराचं पाणी मधल्या सखल भातजमिनीत आणि मिठागरांत थांबायचं, ओहोटी लागली की खाडीत उतरायचं. गावोगाव बावखलं, म्हणजे गोड्या पाण्याची तळी. त्यांच्या जिवावर केळीच्या नि पानवेलीच्या वाड्या.

१९८० च्या दशकाच्या शेवटी हा हरित पट्टा बांधकामाला खुला होऊ लागला. बिल्डर आले, विहिरी उपसणारे टँकर आले. गोडं पाणी उपसलं की खारं आत शिरतं, हे वाडीवाल्यांना सांगावं लागलं नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. धर्मगुरू, शेतकरी, बाया-माणसं रस्त्यावर आली, कोर्टातही गेली.

३ जुलै २००९ ला चार नगरपरिषदा आणि ५३ गावं मिळून महापालिका झाली. गावं पुन्हा उठली. त्याच वर्षी या आंदोलनातून विवेक पंडित आमदार झाले. २०११ मध्ये शासनाने २९ गावं वगळायचं ठरवलं, प्रकरण कोर्टात अडकलं. २०२४ मध्ये तीच गावं पुन्हा आत घेतली. एवढ्या वर्षांत भराव काही थांबला नाही. जुलै २०१८ मध्ये वसई-नालासोपारा पाण्यात गेलं, रेल्वे बंद पडली, मिठागरातली माणसं अडकली. मग नीरी आणि आयआयटीच्या तज्ज्ञांना अभ्यासाला बोलावलं.

आता आपला हिशोब. एक एकरावर एक फूट पाणी म्हणजे साधारण १२ लाख ३३ हजार लिटर. दहा एकर पूरजमिनीवर पाच फूट भराव टाकला, तर सहा कोटी लिटरच्या वर पाण्याची जागा गेली. ते पाणी आटत नाही, शेजाऱ्याच्या खाचरात चढतं. भात दोन दिवस बुडाला तर सावरतो, आठवडाभर बुडाला तर आवण गेलं समजा.

कायद्याचं बोलू. १९८९ च्या पाटबंधारे खात्याच्या परिपत्रकाप्रमाणे निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल रेषा म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणारा. काठापासून निळ्या रेषेपर्यंत निषिद्ध क्षेत्र. पण आपल्या बहुतेक ओढ्यांना रेषाच आखलेली नसते. तिथं मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६, कलम ५ कामाला येतं. शेतातल्या पाण्याचा नैसर्गिक प्रवाह कुणी बेकायदा अडवला तर तहसीलदार तो अडथळा काढायला लावू शकतात. नुकसान होण्याची शक्यता दाखवली तरी चालतं, पूर यायची वाट बघावी लागत नाही. मात्र दावा सहा महिन्यांच्या आत करावा लागतो.

मेख इथंच आहे. भराव पडतो उन्हाळ्यात, आपल्याला कळतं आषाढात, आणि आवणीच्या धांदलीत मुदत निघून जाते. म्हणून पहिला डंपर दिसला त्याच दिवशी फोटो काढा, गट नंबर आणि तारीख वहीत लिहा, ग्रामसभेत विषय मांडा, मुरमाला तहसीलची परवानगी आहे का ते लेखी विचारा.

वसईकरांनी पस्तीस वर्षं झुंज दिली म्हणून तिथं आज जेवढी वाडी उरली तेवढी उरली. आपली खाचरं अजून बरीचशी शाबूत आहेत. तुमच्या गावात कुठल्या ओढ्यावर भराव पडलाय, खाली लिहा. गावाचं नाव आणि महिना पुरे.

राम राम.