खेळाडू कोणाच्या मालकीचा?

हॉकी हा शब्द उच्चारताच आपल्याकडे ध्यानचंदांची मूर्ती डोळ्यांपुढे उभी राहते. हिरवे मैदान, वाकड्या टोकाची काठी आणि तिला जणू चिकटून धावणारा पांढरा चेंडू, एवढ्याने चित्र पुरे होते. त्यात पैशाला जागा नसते. १९२८ साली अ‍ॅमस्टरडॅमहून सुवर्णपदक आणणारे ध्यानचंद लष्करी नोकरीत होते. हॉकीचे पगारी खेळाडू नव्हते. पुढेही कित्येक पिढ्या आपले हॉकीपटू पलटण, रेल्वे, पोलीस यांच्या चाकरीत राहूनच खेळले. त्यामुळे २०१३ साली सुरू झालेल्या हॉकी इंडिया लीगसाठी खेळाडूंचा लिलाव झाला, तेव्हा जुन्या वळणाच्या रसिकास तो शब्द खटकला असल्यास नवल नाही. माणसावर बोली लावावयाची ती कोणत्या अधिकाराने? परंतु हा प्रश्न जगाला नवा नव्हता. कॅनडात, निराळ्याच जातीच्या हॉकीत, त्याचा निकाल लावण्यात कित्येक दशके खर्ची पडली होती. तो इतिहास मनोरंजक आहे, आणि बोधप्रदही आहे.

कॅनडातील हॉकी बर्फावर खेळतात. पायांत पोलादी पात्यांचे बूट, चेंडूच्या जागी रबराची काळी चकती, आणि एका वेळी एका बाजूचे गोलरक्षकासह सहा गडी. सामन्यासाठी मात्र वीस गडी सज्ज ठेवावे लागतात. वेग एवढा विलक्षण असतो, की मिनिटभरात, किंबहुना त्याआधीच, दमलेली फळी आत येते व ताजी फळी बाहेर पडते. आघाडीच्या तिघा-तिघांच्या चार फळ्या आणि बचावाच्या तीन जोड्या कशा जुळवाव्यात, कोणाच्या डावीकडे कोणास घालावे, कोणास विश्रांती द्यावी, हे तेथील रसिकाचे अखंड चिंतन होय. आपल्याकडे क्रिकेटचा संघ जसा प्रथम घरोघरच्या ओटीवर निवडला जातो, तसेच हे समजावे. एवढ्यावरच न थांबता तो रसिक आणखी एक पाऊल पुढे टाकतो. अमका म्हातारा झाला, त्यास शिकागोस द्यावे व त्याच्या बदल्यात तमका तरुण घ्यावा, असे सौदे तो जेवता जेवता उरकतो. ज्याचा सौदा व्हावयाचा त्याचे मत विचारण्याचे त्याच्या ध्यानीही येत नाही. यात त्या बिचाऱ्याचा दोष थोडा. हा खेळ धंदा म्हणून ज्या पायावर उभा राहिला, त्या पायातच ही विस्मृती होती.

नॅशनल हॉकी लीग ही संस्था १९१७ साली माँट्रियल येथे स्थापन झाली. १९४२ पासून १९६७ पर्यंत तिच्यात अवघे सहा संघ होते: कॅनडातील माँट्रियल व टोरांटो, आणि अमेरिकेतील डेट्रॉइट, शिकागो, बॉस्टन व न्यूयॉर्क. खेळाडूच्या करारात राखीव हक्काचे एक कलम असे. मुदत संपली, तरी त्या कलमाच्या बळावर संघाचा हक्क संपत नसे. मालकाने ठरविलेल्या पगारावर पुन्हा सही करावी, अथवा खेळ सोडून घरी बसावे, हे दोनच मार्ग उरत. मालक त्यास पाहिजे तेव्हा दुसऱ्या गावी पाठवू शके. तो मात्र आपल्या इच्छेने कोठेही जाऊ शकत नसे. कोवळ्या पोरांनाही हे बंधन चुकले नव्हते. आँटेरिओतील पॅरी साउंड गावचा बॉबी ऑर पुढे या खेळाचा अलंकार ठरला. १९६२ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, बॉस्टनने त्यास कागदावर बांधून घेतले. त्या सौद्यात वडिलांना मोटार व राहत्या घराला गिलावा, या गोष्टींचाही समावेश होता.

या व्यवस्थेविरुद्ध पहिला निर्भय उठाव केला तो डेट्रॉइटच्या टेड लिंडसेने. गॉर्डी हाउ आणि सिड एबल यांच्याबरोबरची त्याची फळी त्या काळी सर्वतोमुखी होती. १९५० ते १९५५ या अवधीत डेट्रॉइटने चार वेळा स्टॅन्ली चषक जिंकला, त्यांतील शेवटचे दोन लिंडसेच्या नेतृत्वाखाली. अंगाने लहान, पण भांडणात कोणास हार न जाणारा असा हा गडी होता. खेळाडू निवृत्तिवेतनासाठी दरसाल ९०० डॉलर भरीत. परंतु त्या निधीचा जमाखर्च नीटसा दाखविण्यास मालक तयार नव्हते. हिशेब मागणे हा गुन्हा कसा, एवढ्याच साध्या प्रश्नातून चळवळ उभी राहिली. १९५७ च्या फेब्रुवारीत खेळाडूंच्या संघटनेची घोषणा झाली. लिंडसे अध्यक्ष झाला आणि माँट्रियलचा बचावपटू डग हार्वी उपाध्यक्ष.

मालकांचे उत्तर त्याच उन्हाळ्यात आले. नुकत्याच संपलेल्या मोसमात लिंडसेने ८५ गुण मिळविले होते. सबंध लीगमध्ये त्याच्यापुढे एकटा हाउ होता. अशा गड्यास डेट्रॉइटचे व्यवस्थापक जॅक अ‍ॅडम्स यांनी शिकागोला देऊन टाकले. शिकागोचा संघ त्या वेळी लागोपाठ चार वर्षे तळाशी होता. म्हणजे ती एक प्रकारची काळ्या पाण्याची शिक्षाच होती. लिंडसेशी स्नेह ठेवणारा तरुण गोलरक्षक ग्लेन हॉल यासही त्याच्याबरोबर धाडण्यात आले. इतरांनी घ्यावयाचा तो धडा घेतला. नोव्हेंबरात खुद्द डेट्रॉइटच्या खेळाडूंनीच संघटनेतून अंग काढून घेतले. १९५८ च्या आरंभी तडजोड होऊन किमान पगार ७००० डॉलर ठरला आणि निवृत्तिवेतनात थोडी सुधारणा झाली. संघटना मात्र लयास गेली.

द्वेषाने केलेल्या व्यवहारात सहसा बरकत नसते. हॉलच्या बळावर शिकागोने १९६१ साली चषक जिंकला. डेट्रॉइटला मात्र १९५५ नंतर त्याचे दर्शन थेट १९९७ साली घडले. १९६६ साली लिंडसेस हॉकीच्या कीर्तिमंदिरात स्थान मिळाले, तेव्हा त्या मेजवानीस बायकामुलांना मज्जाव आहे असे कळताच त्याने तेथे जाण्याचे नाकारले. पुढे मेजवानीचा तो नियम बदलला. २०१० पासून खेळाडूंनी आपल्या मतांनी द्यावयाच्या पारितोषिकास लिंडसेचे नाव आहे. २०१९ साली तो निवर्तला.

खेळाडूंची संघटना १९६७ साली पुन्हा उभी राहिली. पण राखीव कलमाचे जोखड ढिले केले ते प्रतिस्पर्ध्याने. १९७२ साली वर्ल्ड हॉकी असोसिएशन ही दुसरी संस्था निघाली आणि तिच्या विनिपेग संघाने शिकागोच्या बॉबी हलला दहा लाख डॉलर देऊ करून ओढून नेले. त्याच वर्षी फिलाडेल्फियाच्या एका न्यायालयाने राखीव कलमाच्या आधारे खेळाडूंना अडविण्यास मनाई केली. लीगने हलवर राग काढला तो असा, की त्या सप्टेंबरात सोव्हिएत रशियाशी झालेल्या इतिहासप्रसिद्ध मालिकेत त्यास कॅनडाकडून खेळू दिले नाही. राष्ट्राभिमानाच्या गोष्टी बोलणारे मालक प्रसंगी राष्ट्रापेक्षा करारास किती वरचढ मानतात, हे त्यावरून दिसले.

आता रसिकाकडे वळू. ९ ऑगस्ट १९८८ रोजी एडमंटनचे मालक पीटर पॉक्लिंग्टन यांनी वेन ग्रेट्स्कीस लॉस एंजेलिसला दिले. बदल्यात दोन खेळाडू, पहिल्या फेरीतील निवडीचे तीन हक्क आणि दीड कोटी डॉलर आले. ग्रेट्स्कीने पाच वर्षांत चार चषक आणून दिले होते. निरोपाच्या सभेत त्यास अश्रू आवरले नाहीत. गावात मालकाची प्रतिमा जाळण्यात आली. सरकारने मध्ये पडून हा सौदा रोखावा, अशी मागणी एका संसदसदस्याने केली. जणू एखादी राष्ट्रीय ठेवच परदेशी चालली होती.

तो शोक खोटा नव्हता. परंतु थोडे मागे जाऊन पाहावे. हाच ग्रेट्स्की सतरा वर्षांचा असताना, १९७८ साली, एडमंटनने इंडियानापोलिसच्या मालकाकडून विकतच घेतला होता, आणि अठराव्या वाढदिवशी त्याच्याकडून एकवीस वर्षांचा करार लिहून घेतला होता. त्या दिवशी एडमंटनात कोणी प्रतिमा जाळली नाही. आपल्या घरी आले ते भाग्य आणि आपल्या घरून गेले ती विक्री, असा हा न्याय आहे! रसिक ‘आमचा ग्रेट्स्की’ म्हणतो तेव्हा त्यात प्रेम असते खरे. पण ‘आमचा’ या शब्दाची एक बाजू मालकाच्या दफ्तराशी लागून असते, हे त्यास उमगत नाही.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगता येईल. पगाराच्या वादावरून मालकांनी दारे बंद केल्यामुळे २००४-०५ चा सबंध मोसम बुडाला. तडजोडीत प्रत्येक संघाच्या एकूण पगारास प्रथम तीन कोटी नव्वद लाख डॉलरांची मर्यादा पडली, आणि खेळाडूस सत्ताविसाव्या वर्षापर्यंत मोकळे होण्याची वाट मिळाली. माझ्या संमतीवाचून मला अन्यत्र धाडू नये, असे कलम आता नामांकित खेळाडू करारात घालून घेतात. अशा कलमापायी एखादा सौदा फिसकटला, की घरोघरचे व्यवस्थापक त्या खेळाडूच्या नावाने बोटे मोडतात. संघाची चिंता त्यास नाही, तो स्वार्थी आहे, असे ते म्हणतात.

मीही या खेळाचा दुरूनच का होईना, शोकी आहे, आणि असे बोल माझ्याही तोंडून निघाले आहेत. म्हणून हे परनिंदेच्या बुद्धीने लिहीत नाही. फळ्या जुळवाव्यात, सौदे सुचवावेत, वादही घालावेत. त्यावाचून खेळाची गोडी काय? परंतु ज्या कलमावर आपण रागावतो ते मिळविण्यासाठी एका माणसाने आपले गाव, आपली फळी व आपला संघ गमावला होता, एवढे मनात असू द्यावे. लिंडसे १९६४ साली, चार वर्षे निवृत्तीत काढल्यावर, एका मोसमासाठी डेट्रॉइटला परत आला. त्या वेळी तो एकोणचाळीस वर्षांचा होता, आणि त्या वर्षी डेट्रॉइटचा संघ साखळीत पहिला आला. करार त्यास बांधून ठेवू शकत होता तेव्हा मालकाने त्यास हाकलले. पुढे तो आला तो आपण होऊन आला. निष्ठा म्हणून जे काही आपण खेळाडूपाशी मागतो, ते असे आपण होऊन आलेलेच असावे लागते.