सायकलीचं कॅरिअर कुठं गेलं?



जळगावला, धुळ्याला नाहीतर आपल्या तालुक्याच्या गावी सायकलच्या दुकानासमोर जरा उभ्या राहून बघा. दर्शनी जागेवर रंगीत पट्ट्यांची, जाड टायरची सायकल असते. बहुतेकदा तिला चेनकव्हर नसतं, कॅरिअरही नसतं. विचारलं तर दुकानदार म्हणतो, बसवून देतो, त्याचे पैसे वेगळे. काळी, दांडीची, मागे भक्कम कॅरिअर असलेली सायकल आत कोपऱ्यात. जिच्यावर दप्तर, डबा, चाऱ्याची पेंढी जाते ती आत, आणि शर्यतीचं रूप घेतलेली बाहेर. हे असं कसं झालं?

त्यासाठी दीडशे वर्षं मागं, इंग्लंडात जावं लागतं. तेव्हाच्या सायकलीला चेन नव्हती. पायडल थेट पुढच्या चाकाला. पायडल एकदा फिरलं की चाक एकदा फिरणार, म्हणजे चाक जेवढं मोठं तेवढा वेग जास्त. तरुण पोरांना शर्यती जिंकायच्या होत्या, म्हणून कारखानदार चाक वाढवत गेले, पार माणसाच्या छातीला लागेपर्यंत. खड्ड्यात चाक अडकलं की वरचा माणूस डोक्यावर आपटायचा. लांब झगे घालणाऱ्या बायकांनी तिच्यावर चढायचं कसं? वयस्कर माणसांनी काय करायचं? सायकल होती, पण ती धडधाकट पुरुषांची. शर्यतीच्या हौसेपायी बाकीच्यांना बाजूला सारल्याचं याहून स्वच्छ उदाहरण मला ठाऊक नाही.

१८८५ साली कॉव्हेंट्री शहरात जॉन केम्प स्टार्ली यांनी जवळपास सारख्या दोन चाकांची, चेनवर चालणारी ‘रोव्हर’ आणली. आज आपण चालवतो ती तिचीच लेक. मग १८८८ मध्ये बेलफास्टचे गुराढोरांचे डॉक्टर डनलॉप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकीला हवेचं टायर बसवलं, पोराला धक्के बसू नयेत म्हणून.

इथं मात्र मला शर्यतीची बाजू घ्यावी लागते. ते फुगीर टायर बघून लोक हसले. पुढच्याच वर्षी विली ह्यूम नावाच्या गड्यानं तेच टायर लावून बेलफास्टला शर्यती मारल्या आणि हसणारे गप्प झाले. पोराच्या सुखासाठी केलेली वस्तू जगभर गेली ती शर्यतीच्या जोरावर. पुढच्या दहा वर्षांत युरोप-अमेरिकेत बायका हजारोंनी सायकलवर बसल्या.

आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर १९५१ मध्ये सोनीपतला ॲटलस आणि १९५६ मध्ये लुधियानाला हीरो सायकलचा कारखाना निघाला. त्या सायकलींवरून दूध गेलं, टपाल गेलं, मास्तर शाळेत गेले. लेडीज सायकलीची नळी खाली वाकवलेली असायची, आणि मागच्या चाकावर जाळी, पदर अडकू नये म्हणून. शर्यती तेव्हाही होत्याच. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट सगळ्यांत आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणत. पण राजाची सायकल बघून कुणा दूधवाल्यानं आपलं कॅरिअर काढून टाकलं नाही.

ते पुढं झालं, आणि त्याचीही गंमत आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या पोरांनी पेपर टाकायच्या जुन्या, जड सायकली घेतल्या आणि १९७६ पासून डोंगरउतारावर त्यांच्या शर्यती लावल्या. कंपन्यांनी ते रूप उचललं, जगभर विकलं. ते आपल्याकडेही आलं. जाहिरातीत पोरगा डोंगरावरून उडी मारतो. बाजाराला जाणारी बाई त्यात दिसत नाही. साधी सायकल म्हणजे गरिबी, असं पोरांच्या मनात बसलं. त्यात मोटरसायकल आली, हेही खरंच.

म्हणून शर्यतीलाच दोष द्यावा असं मला वाटत नाही. आपल्या शेजारच्या नाशिकचे डॉक्टर हितेंद्र आणि महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये अमेरिका आडवी पार करायची सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत नऊ दिवसांच्या आत पुरी केली. आणि त्याच नाशिकहून सायकलवर पंढरपूरची वारीही जाते. त्या वारीत पहिला नंबर नसतो. दोन्ही एका गावात नांदतात. बिघडतं कुठं, तर दुकानात शर्यतीच्याच रूपाची सायकल पुढं येते आणि दुसरी मागावी लागते तिथं.

हे आपल्या घरातलं आहे. मानव विकास कार्यक्रमात आठवी ते बारावीच्या, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या गरजू मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात. जळगाव, धुळे, नंदुरबारचे तालुके त्यात आहेत. २०२२ मध्ये ही रक्कम ३,५०० वरून ५,००० रुपये झाली. तेवढ्यात चेनकव्हर, जाळी, स्टँड, कॅरिअर बसतं का, हे सायकल घेण्याआधी विचारायचं. ओढणी चेनमध्ये गेली की काय होतं ते आपल्याला माहीत आहे.

आणि लेडीज सायकलच हवी असंही नाही. तामिळनाडूत पुदुकोट्टै जिल्ह्यात १९९१-९२ च्या साक्षरता मोहिमेत कलेक्टर शीला राणी चुंकत यांनी बायकांना सायकल शिकवण्याचा कार्यक्रम घेतला. हजारो शेतमजूर बाया शिकल्या. लेडीज सायकली पुरेनात, तेव्हा त्यांनी पुरुषांच्या घेतल्या, आणि कित्येकींना त्याच जास्त आवडल्या. कारण सीट आणि हँडलच्या मधल्या दांडीवर मूल बसवता येत होतं, आणि मागं कॅरिअर होतंच.